९ महिन्यांचा मुलगा रांगत नाहीये, नुसता मागे मागे सरकतो... वॉकर आणू का?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी, इथे बरेच अनुभवी आईबाबा आहेत म्हणून विचारतेय. मुलगा नुकताच ९ महिन्यांचा झाला. गोवर-रुबेलाच्या लसीला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं रांगतो का, मी म्हटलं नाही, तर म्हणाले रांगेल हो, वजन छान आहे, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर एवढी गर्दी होती की मलाही पुढे काही विचारवलं नाही.

तर सध्याची परिस्थिती अशी आहे की बसतो एकदम मस्त, बसवला की अर्धा अर्धा तास खेळत बसेल, डबे वाजवतो, चमचा या हातातून त्या हातात घेतो. पालथाही पडतो पण पालथा राहत नाही, दोन-चार मिनिटांत भोकाड. समोर खेळणं ठेवलं की त्याच्याकडे जायला बघतो, हाताने जोर लावतो आणि जातो उलटा मागे! काल सोफ्याखाली कंबरेपर्यंत जाऊन अडकला आणि तिथून रडत होता, मला हसावं का रडावं कळेना. हात आणि गुडघे टेकून घोडा होतो ना, तसं अजून एकदाही झालेला नाही.

आमचा फ्लॅट आहे, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. माझं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे दिवसभर सासूबाई बघतात, त्या त्याला गादीवर बसवून चारी बाजूंनी उशा लावतात आणि सगळी खेळणी पुढ्यात. शेजारच्या ताईंची मुलगी सातव्या महिन्यात घरभर फिरत होती, त्यामुळे रोज तेच ऐकायचं. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, नवरा म्हणतो ऑर्डर करूनच टाकू, आणि नणंदेने कुठल्याशा रीलमध्ये बघितलंय की न रांगता डायरेक्ट चालणारी मुलं अभ्यासात कच्ची राहतात. झालं, आता सगळे मिळून माझ्याकडे बघतात.

काळजीचं काही आहे का? वॉकरने फायदा होतो का? घरी काय करून घेता येईल? हो, एक राहिलं, डिलिव्हरी जवळपास महिनाभर आधी झाली होती, ३६ आठवडे पूर्ण झाले होते तेव्हा, पण पेटीत वगैरे ठेवावं लागलं नव्हतं.

ओवी१२

अगं मागे सरकणं म्हणजे रांगायच्या आधीचाच प्रकार, माझी दोन्ही मुलं आधी मागेच गेली. त्या उशा काढ आधी. आणि वॉकरचे पैसे वाचव, त्यात एक चांगली मोठी चटई येईल.

हातपाय

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. बाळ न बघता निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण तू जे लिहिलंयस त्यात बरंच काही आहे म्हणून सविस्तर लिहिते, लांबेल जरा.

सगळ्यात महत्त्वाचं तू जाता जाता शेवटी लिहिलंस. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं बाळ वेळेआधीचं धरतात आणि हालचाली बघताना ते जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही, हे सांगायलाच हवं कारण लोक गोंधळ करतात.) म्हणजे रांगण्याच्या हिशेबात तुझा मुलगा आत्ता आठ महिन्यांचा आहे. शेजारच्या ताईंना हे सांगायची गरज नाही, तू लक्षात ठेव म्हणजे झालं.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ देशांतल्या ८१६ मुलांच्या हालचाली नोंदवून २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या, भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यात हात आणि गुडघ्यांवर रांगायला लागण्याचा काळ आला ५.२ ते १३.५ महिने. एवढा मोठा पल्ला! कुणी साडेपाचला रांगतं, कुणी तेराव्या महिन्यात, दोघंही ठीक. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी चालली. त्याच यादीत आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आहे आणि तो तुझ्या मुलाने कधीच पार केलाय.

पण मी पालकांना नेहमी सांगते, तारखेपेक्षा क्रम बघा. रांगणं एक दिवस अचानक येत नाही, त्याची तयारी जन्मापासून चालू असते आणि ती वरून खाली येते, आधी मान, मग खांदे, मग पाठ आणि पोट, मग कंबर आणि मांड्या. नवं जन्मलेलं बाळ पालथं घातलं तर काय करतं आठव, गुडघे पोटाखाली, ढुंगण वर, सगळं वजन गालावर आणि छातीवर. मान जेमतेम एका बाजूची दुसऱ्या बाजूला करतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मांड्या सरळ व्हायला लागतात, ढुंगण खाली येतं, वजन छातीकडून कंबरेकडे सरकतं, आणि वजन खाली सरकलं की डोकं उचलायला सोपं जातं. मग कोपरांवर येतं. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात कोपर सरळ करून तळव्यांवर. मधेच कधीतरी ते पोटावर राहून हात-पाय चारी बाजूंनी हवेत उचलून हुंऽऽ करतं, लोक म्हणतात पोहतंय. त्यात पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात.

याच्या पुढची पायरी फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते तीच खरी. पोटावर असताना एका हातावर वजन टाकून दुसरा हात खेळण्याकडे नेणं. देवघरात रांगता बाळकृष्ण असेल तर हातात घेऊन नीट बघ. एक हात टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा वर धरलेला, एक गुडघा जमिनीला आणि दुसरा पाय पुढे घेतलेला. वजन टेकलेल्या बाजूला गेलंय म्हणून दुसरा हात मोकळा झालाय. रांगणं म्हणजे एवढंच, वजन एका बाजूला टाकायचं आणि दुसरी बाजू पुढे न्यायची. ज्याने घडवला त्याने बाळ रांगताना नीट पाहिलं होतं.

तर हे वजन सरकवणं जमलं की बाळ आधी पोटावरच गोल गोल फिरतं, बेंबी जागच्या जागी आणि डोकं पंख्याच्या दिशेचं दरवाजाच्या दिशेला. मग सरकतं, आणि बहुतेक वेळा मागे. कारण साधं आहे, या वयात हातांत जोर पायांपेक्षा जास्त असतो, हातांनी जमीन ढकलली की शरीर मागेच जाणार. त्याला पुढे यायचं असतं, जोरही लावतो, फक्त पायाने रेटायचं अजून कळलेलं नसतं. म्हणजे तुझा मुलगा चुकीचं काही करत नाहीये. मग काही मुलं पोट जमिनीला घासत कोपरांनी ओढत पुढे जातात, काही हे टाळून थेट घोडा होतात. दोन्ही चालतं. अमेरिकेत १९९८ मध्ये बाळांच्या रांगण्याचा बारकाईने अभ्यास झाला होता, त्यात साधारण निम्मी मुलं आधी पोटावर सरकली आणि निम्मी नाही, आणि पोटावर सरकलेली मुलं घोड्यावर आल्यावर पहिल्यापासूनच जास्त चपळ होती. त्यामुळे पोट घासत चाललंय म्हणून रडू नका, कपडे खराब होतील एवढंच.

घोडा झाल्यावरही लगेच पुढे जात नाहीत, आधी झुलतात, पुढे मागे पुढे मागे. आईला वाटतं आता जाईल आता जाईल, आणि ते झुलून पुन्हा पोटावर पडतं. या दिवसांत एक प्रतिक्षिप्त क्रिया पण मधे येत असते, डोकं वर केलं की हात आपोआप सरळ होतात आणि पाय दुमडतात, म्हणजे समोर बघितलं की ढुंगण टाचांवर जाऊन बसतं. झुलून झुलून ती हळूहळू मागे पडते, मग डोकं वर ठेवूनही कंबर जागेवर राहते. त्यानंतर उजवा हात डावा गुडघा, डावा हात उजवा गुडघा असा ताल येतो.

आता तुमच्या घरातली गोष्ट. तुझा मुलगा बसतो छान, पण तू लिहिलंयस 'बसवला की'. तो स्वतः उठून बसतो का? बसलेला असताना स्वतः पालथा होतो का? बसवलेलं बाळ बसून राहायला शिकतं, पण बसण्यातून बाहेर पडायला शिकत नाही, आणि रांगण्याची वाट बऱ्याच मुलांना बसण्यातूनच सापडते. बाजूचं काही घ्यायला वाकतात, एक हात टेकतात, एक पाय खाली दुमडला जातो, अजून थोडं वाकलं की दुसरा हात टेकला, झाला घोडा. चारी बाजूंनी उशा आणि सगळी खेळणी पुढ्यात असतील तर वाकायचं कशाला त्याने? साहेबांना सगळं जागेवर पोचतंय.

म्हणून उशा काढा, खाली गादी नको कारण ती रुतते, चटईवर सतरंजी किंवा घट्ट विणीची गोधडी चालेल. टाइल्सवर उघडं ठेवलं तर गुडघे घसरतात, आणि तेल लावल्यावर तर विचारूच नका, अंघोळ होऊन तेल निघू दे मग खाली सोड. मोजे काढ, पाय मोकळे हवेत, पायाची बोटं रोवता आली पाहिजेत. दिवसातून काही वेळ डायपर काढून लंगोट बांध. आवडीचं खेळणं पुढे न ठेवता बाजूला ठेव, हात पोचेल न पोचेल इतकं, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. तो टेकला की कौतुक कर, पडला तर थोडा रडू दे, लगेच उचलून परत बसवू नकोस. मागे सरकतो तेव्हा तळपायांना तुझे तळहात नुसते लावून ठेव, ढकलायचं नाही, त्याला रेटायला काहीतरी मिळालं की तो स्वतः पुढे जाईल. बऱ्याच मुलांना हे पहिल्यांदा झाल्यावर इतकं आश्चर्य वाटतं की ती थांबून मागे वळून बघतात.

पालथं आवडत नाही त्याचं म्हणशील तर एका दमात अर्धा तास कुणीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे सांगितलंय ते असं की अजून फिरत नसलेल्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर असावं. दोन-दोन मिनिटं करून जमव. झोपताना मात्र पाठीवरच.

वॉकरवर वेगळं लिहिते, आत्ता पेशंट आलाय.

कऱ्हाडची_आजी

वरच्या डॉक्टरीणबाईंनी छान लिहिलंय. पण मला सांगा, हे पोटावर ठेवायचं टमी टाइम तुम्ही आत्ता शिकलात, आम्ही पाय लांब करून बसायचो, बाळाला पायांवर पालथं घालायचो आणि पाठीला कंबरेला तेल चोळायचो, पंधरा-वीस मिनिटं पोर पालथंच असायचं की. डोकं वर काढून इकडेतिकडे बघायचं. आता तेल लावायला बाई येते, घाईघाईत पाच मिनिटांत उरकते आणि पोर लगेच कॉटवर, मग कुठून रांगणार.

चिंचगुळ, सासूबाई वॉकर म्हणतात म्हणजे त्यांच्या डोक्यात पांगुळगाडा असणार, विचारून बघ. आमच्या वेळेला लाकडी पांगुळगाडा असायचा, पोर स्वतः उभं राहून दांडी धरून ढकलायचं. आताच्या त्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये पोराला मधोमध अडकवून ठेवतात, ते बोटांवर चवड्यावर उड्या मारतं. दोन्हीचा काही संबंध नाही.

आणि सासूबाईंना उशा काढा म्हणून तू नको सांगूस, मुलाला सांगायला लाव. उंबरा ओलांडला की गोड करायचं असतं, त्यांनाच विचार काय करायचं म्हणून, म्हणजे त्याच रोज उंबऱ्याशी नेऊन सोडतील त्याला.

टोरांटोकर

आजी, पांगुळगाड्याचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

वॉकरबद्दल माझ्याकडून एक. इथे कॅनडात २००४ पासून बेबी वॉकरवर बंदी आहे. नवा विकणं, बाहेरून आणणं, जाहिरात करणं तर नाहीच, पण घरातला जुना दुसऱ्याला विकणंही बेकायदा. मुलगी झाली तेव्हा आईबाबा पुण्याहून येताना हौसेने वॉकर आणणार होते, मी फोनवर सांगितलं तर बाबांना वाटलं मी थट्टा करतोय. बंदीचं कारण जिने. वॉकरमधलं मूल आपण वळून बघेपर्यंत खोलीच्या त्या टोकाला पोचलेलं असतं आणि पायरी आली की वॉकरसकट खाली, डोक्याला मार. तुमच्याकडे फ्लॅटमध्ये जिना नसला तरी गरम चहाचा कप, कुकर, लोंबणारी टेबलक्लॉथ, सगळ्यापर्यंत हात पोचायला लागतो.

दुसरं म्हणजे हवामान. आमची उन्हाळ्यात झाली, रांगायच्या वयात आली तेव्हा इथे बर्फ, अंगावर तीन थर, पायात मोजे. ती नुसती पडून असायची. नंतर वाचलं की इस्रायलमध्ये हायफाच्या संशोधकांनी हेच तपासलंय, हिवाळ्यात जन्मलेली बाळं उन्हाळ्यात जन्मलेल्यांपेक्षा साधारण ५ आठवडे आधी रांगली, कारण त्यांचं रांगायचं वय उकाड्यात येतं, कपडे कमी आणि जमिनीवर जास्त वेळ. आपल्याकडे मुंबईत हा फरक कितपत पडेल शंका आहे, तिथे बारा महिने घामच.

हो आणि अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०२२ मध्ये बाळांच्या टप्प्यांची यादी बदलली त्यात रांगणं काढूनच टाकलंय. मग त्याला एवढं महत्त्व द्यायचं की नाही? हातपाय, तुमचं काय म्हणणं?

मीठभाकरी

माझी मुलगी त्या ४ टक्क्यांतली. रांगलीच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकायची, एक हात मागे टेकवून आणि एका पायाने ओढत, आणि वेग असा की पाहुण्यांची करमणूक. पालथं घातलं की तिला राग यायचा, पायांवर उभं धरलं तर पाय वर उचलून घ्यायची, खाली टेकायचीच नाही. मी घाबरून दोन डॉक्टर केले. दुसऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की तुमच्याकडे किंवा मिस्टरांकडे कुणी असं सरकायचं का, आणि सासरे एकदम हसायलाच लागले, माझा नवरा आणि त्याची आत्या दोघंही ढुंगणावरच सरकायची म्हणे! एवढे महिने कुणी बोललं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की हे घराण्यात चालतं बऱ्याचदा, आणि अशी मुलं चालायलाही उशिरा लागतात. तसंच झालं, दीड वर्षाची होत आली तेव्हा चालली. आता शाळेत खो-खोच्या टीममध्ये आहे.

तर चिंचगुळ, नवऱ्याच्या लहानपणाची चौकशी कर घरात. काहीतरी निघेल.

हातपाय

परत आले. टोरांटोकर, सीडीसीच्या यादीवर आमच्या क्षेत्रात बरीच भांडणं झाली. त्यांनी प्रत्येक वयाला तेच टप्पे ठेवले जे ७५ टक्के किंवा जास्त मुलांना त्या वयात येतात, आणि रांगण्याचा काळ इतका पसरलेला आहे, शिवाय काही मुलं रांगतच नाहीत, त्यामुळे 'अमुक महिन्यात रांगलंच पाहिजे' असं लिहिता येत नाही. तिथवर मला पटतं. अनेक फिजिओथेरपिस्टना ते काढणं पटलं नाही, मलाही पूर्ण पटत नाही, कारण रांगताना खांद्यांवर आणि उघड्या तळव्यावर वजन येतं, कंबर आणि खांदे उलट दिशांना वळतात, ते दुसऱ्या कशात इतकं होत नाही. म्हणून मी संधी द्या म्हणते, सक्ती करा असं म्हणत नाही. नणंदेच्या रीलचं उत्तरही यातच आहे, न रांगलेली मुलं अभ्यासात कच्ची राहतात हे सिद्ध झालेलं नाही.

वॉकरमध्ये मुलाला तोल सांभाळावा लागत नाही, वजन सीटवर, पायाच्या बोटांनी नुसतं रेटायचं, हात रिकामे. म्हणजे वर मी जी साखळी सांगितली त्यातलं काहीच होत नाही. चालणं लवकर येत नाही, उलट थोडा उशीर झालेला दिसलाय. पांगुळगाडा चालेल, पण मूल स्वतः धरून उभं राहायला लागल्यावर, आणि चाकं फार सुळसुळीत नकोत.

आजी, तेल चोळण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त काही बायका पाय धरून उलटं टांगतात, हात-पाय मागे ओढून 'मोकळे' करतात, ते नको म्हणजे नको.

चिंचगुळ

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. सासूबाईंना विचारलं, तर खरंच पांगुळगाडाच म्हणायचा होता त्यांना! माळ्यावर आहे म्हणे नवऱ्याचा. उशा काढल्यात, आणि आजी, तुमची युक्ती कामाला आली, सासूबाईंनी स्वतःहून सतरंजी दारापर्यंत ओढून घेतलीये.

हातपाय, तुम्ही विचारलं म्हणून नीट लक्ष ठेवलं. स्वतः उठून नाही बसत. बसल्यावर बाजूचा डबा घ्यायला उजवीकडे वाकतो, हात टेकतो, मग अडकतो, कारण पाय पुढे सरळच राहतात, दुमडत नाही. डावीकडे पण तसंच. तळपायांना हात लावून ठेवायचा प्रयोग केला, दोनदा काही नाही, मग एकदम वीतभर पुढे आला आणि डब्यावर डोकं आपटलं. रडला नाही. पाय दुमडायचं काय करू? आणि गुडघ्याला ते पॅड मिळतात ते घेऊ का?

हातपाय

दोन्ही बाजूंना सारखं होतंय हे चांगलं लक्षण आहे, हेच बघायचं होतं. पाय दुमडण्यासाठी तू खाली मांडी घालून बस आणि त्याला तुझ्या एका मांडीच्या बाहेर बसव, मांडी त्याच्या आणि खेळण्याच्या मधे. खेळणं घ्यायला त्याला मांडीवरून वाकावं लागेल, पोट तुझ्या मांडीवर टेकेल आणि गुडघे आपोआप खाली येतील. तसाच थोडा वेळ राहू दे. मांडी ओलांडायची असते मुलांना, ती ओलांडतातच. पॅड नको, उघडा गुडघा जमिनीला चिकटतो आणि जमिनीचा अंदाजही येतो. खरबरीत फरशीवर सोडणार असशील तर पातळ सुती लेगिंग घाल.

आणि आता कॉटवर, दिवाणावर एकटं सोडायचं बंद. नव्याने रांगणाऱ्या मुलाला कड समजत नाही. बसलेलं असताना तेच मूल कडेला सावध असतं, पण ती अक्कल रांगताना सोबत येत नाही, पुन्हा शिकावी लागते, अमेरिकेत मुलांसमोर मोकळी फट ठेवून केलेल्या प्रयोगांत हे दाखवलंय. त्यामुळे 'त्याला कळतं हो' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस. प्लगचे खालचे पॉइंट झाका, मच्छर अगरबत्ती आणि फिनेलची बाटली वर ठेवा, सोफ्याखालून एकदा झाडू फिरवा, नाणी आणि बटणं तिथेच सापडतात.

शंकेखोर

धागा पळवतोय, माफ करा. आमचा १० महिन्यांचा आहे, पोटावर सरकतो, पण फक्त उजव्या हाताने ओढतो आणि डावा पाय नुसता मागे ओढला जातो. डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ बंदच असते. खेळणं डावीकडे ठेवलं तरी उजव्यानेच घेतो. घरी सगळे म्हणतात उजखोरा होणार. आम्ही तालुक्याच्या गावी असतो, इथे लहान मुलांचा फिजिओ कुणी नाही.

हातपाय

शंकेखोर, बरं केलंत विचारलंत, आणि हे थांबवून ठेवू नका. वर मी चिंचगुळला जे 'थांब, बघ' सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. या वयात मुलं दोन्ही हात जवळपास सारखे वापरतात. पहिल्या वर्षातच एकच हात पुढे येत असेल तर उजखोरा म्हणून सोडून द्यायचं नसतं, दुसऱ्या हाताचं काय चाललंय ते तपासायचं असतं. एक बाजू ओढली जाणं आणि मूठ बंद राहणं, दोन्ही एकाच बाजूला, म्हणून बालरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. याचा अर्थ काहीतरी मोठंच आहे असा नाही, पण असेल तर जितकं लवकर सुरू करू तितका फायदा.

चिंचगुळ आणि बाकीच्यांसाठीही याच ओघात, दाखवायला न्यायचं कधी तर एक बाजू कमी चालत असेल, पाय काठीसारखे ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील किंवा अंग अगदीच लुळं लागत असेल, ९ महिने होऊन गेले तरी आधाराशिवाय बसत नसेल (आधी जन्मलेलं असेल तर वजाबाकी करून), किंवा येत असलेली गोष्ट करायचं सोडून दिलं असेल. हे शेवटचं कुठल्याही वयात.

तालुक्याला फिजिओ नसला तरी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून २०१३ पासून सरकारी योजना आहे, त्यांची टीम अंगणवाडीत मुलं तपासायला येते आणि पुढे जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवते, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतले अडथळे लवकर ओळखून उपचार करायचं केंद्र, शक्यतो जिल्हा रुग्णालयातच असतं. तपासणी आणि उपचार मोफत. टीम कधी येणार याची वाट बघत बसू नका, आशाताई किंवा अंगणवाडीताईंना आजच सांगा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्जचा कागद आणि तो सरकतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा, समोरून एक आणि मागून एक. दवाखान्यात मुलं हमखास हलत नाहीत, तेव्हा व्हिडिओ उपयोगी पडतो.

शंकेखोर

सोमवारी जातोय. व्हिडिओ आत्ताच काढले.